कोपऱ्यातून कोपऱ्यात विणलेलं दुपटं चौकोनाऐवजी शंकरपाळी होतंय, वाचवा!

सैलगाठ

मंडळी, लाज वाटतेय पण विचारतेच.

बहिणीला सातवा लागलाय. बाळंतविड्यातली कुंची, टोपरं, लंगोट आईने वाटून घेतले आणि क्रोशाचं दुपटं माझ्या गळ्यात पडलं. दीडशे साखळ्या घालून सरळ ओळी विणायचा मला भयंकर कंटाळा. साखळ्या मोजताना नव्वदीच्या आसपास कुकर तरी होतो, नाहीतर कुरियरवाला तरी येतो. म्हणून या वेळी कोपऱ्यातून सुरुवात केली. दोन टाके, मग दर ओळीला दोन्ही कडांना एकेक वाढवत जायचं, पाहिजे तेवढं रुंद झालं की तसंच घटवत समोरच्या कोपऱ्यात संपवायचं. साखळ्या मोजायची भानगडच नाही.

टाका खरखरीत पोताचा आहे: एक खांब, एक साखळी, एक खांब, एक साखळी, आणि पुढच्या ओळीत त्या साखळीच्या भोकात खांब. नमुना एका परदेशी साइटवरून वहीत उतरवून घेतला होता. त्यात 'डबल' लिहिलंय म्हणून आधी पूर्ण खांब, म्हणजे उंच टाके घातले, तर मच्छरदाणी झाली. मग माझ्या अकलेने त्याहून बुटका, अर्धा खांब केला. पोत सुरेख आलं. ६० ओळी वाढवल्या, ३५ घटवल्या आणि काल रात्री पहिल्यांदा पलंगावर पसरलं.

शंकरपाळी. चक्क शंकरपाळी. सुरुवातीचा कोपरा टोकदार, बाजूचे दोन फताडे. ओढून चौकोन करायला गेले तर मधे फुगा येतो. टाके तीनदा मोजले, बरोबर आहेत. कुठे चुकलं?

लोकर ८ प्लाय अ‍ॅक्रिलिक, सुई ४ मिमी. फोटो चढत नाहीये.

चकलीचा_सोऱ्या

चुकलं काही नाही. दिवाळीच्या फराळात ठेवून द्या.

उसवाउसवी

अगं माझंही असंच झालं होतं उशीच्या अभ्र्याचं! मी शेवटी 'मॉडर्न आकार आहे' म्हणून नणंदेला भेट दिला. वाचतेय इथे.

रुखवत

या टाक्याला आमच्या घरी साबुदाण्याचा टाका म्हणतात. भिजलेला साबुदाणा हाताखाली लागतो ना, तसाच लागतो. नेटवर मॉस, लिनन, ग्रॅनाइट अशी तीन-चार नावं दिसतील, सगळी एकाच टाक्याची. पण सैलगाठ, साबुदाण्यात अर्धा खांब नसतो गं. मुका खांब असतो, त्याहूनही बुटका.

गुंडाळी

सैलगाठ, उसवू नकोस अजून. टेप घे आणि दोन मापं दे. सुरुवातीच्या टोकापासून सगळ्यात लांब ओळीपर्यंतचं सरळ उभं अंतर, आणि त्या लांब ओळीची लांबी. ओढून मोजू नकोस, पसरून मोज.

सैलगाठ

ताई, उभं अंतर ४२ सेंमी. लांब ओळ ६० सेंमी, टाके १२१ (साखळ्या धरून).

गुंडाळी

मग सापडलं. नवऱ्याचा चौकोनी रुमाल घे आणि तिरका दुमडून त्रिकोण कर. त्याची लांब बाजू मोज, मग त्या बाजूपासून समोरच्या टोकापर्यंतची उंची मोज. उंची बरोब्बर निम्मी भरेल. कुठलाही चौरस घे, हेच. म्हणजे तुझी लांब ओळ ६० असताना उंची ३० पाहिजे होती, ती ४२ झाली.

का झाली ते बघ. दर ओळीला प्रत्येक कडेला एक टाका वाढतो. म्हणजे विणकाम एका बाजूला एका टाक्याइतकं सरकतं आणि वर एका ओळीइतकं चढतं. कोपरा काटकोनात यायचा तर ही दोन्ही पावलं सारखी हवीत: एका टाक्याची रुंदी बरोबर एका ओळीची उंची. तुझा टाका अर्धा सेंमी रुंद आहे (१२१ टाक्यांत ६० सेंमी) आणि ओळ ०.७ सेंमी उंच आहे (६० ओळींत ४२ सेंमी). चढ जास्त, म्हणून टोक निमुळतं. हिशेबाने तुझा सुरुवातीचा कोपरा ७१ अंशांच्या आसपास आहे, बाजूचे १०९.

टाके मोजून हे कधीच कळणार नाही, कारण टाके बरोबरच आहेत. घटवतानाही तोच अर्धा खांब, तोच चढ, म्हणून पूर्ण केलंस तरी चारही बाजू सारख्या लांबीच्या आणि कोपरे वाकडे. शंकरपाळीच ती. मधेच हात घट्ट झाला असता तर पतंग झाला असता.

अर्धा खांब रुंदीपेक्षा उंच असतो, पूर्ण खांब साधारण दुप्पट. मुका खांब बहुतेकींच्या हातात चौकोनाच्या जवळ येतो. रुखवत म्हणतेय ते खरं आहे.

(तीस वर्षं भूमिती शिकवली. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणाला तिची गरज पडली.)

चकलीचा_सोऱ्या

ताई, शाळेत असं शंकरपाळ्यांवरून शिकवलं असतं तर मी आज कुठल्या कुठे असतो.

पाचवा_खांब

मला त्या नमुन्यात रस आहे. सैलगाठ, वही उघडा. त्यात 'सिंगल' हा शब्द एकदा तरी आलाय का? टाका सोडायला 'स्किप' म्हटलंय की 'मिस'? आणि मापाला 'गेज' की 'टेन्शन'?

सैलगाठ

सिंगल कुठेच नाही. 'मिस' आहे. आणि हो, वर 'टेन्शन' लिहिलंय! मला वाटलं होतं फार टेन्शन घेऊ नका असं काहीतरी.

पाचवा_खांब

नमुना ब्रिटिश आहे. ब्रिटिश पद्धतीत 'सिंगल क्रोशे' म्हणून टाकाच लिहीत नाहीत. ते ज्याला डबल म्हणतात तो अमेरिकन सिंगल, म्हणजे आपला मुका खांब. आणि अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल, म्हणजे आपला खांब. नमुना पहिल्यापासून मुका खांबच सांगत होता. तुम्ही अमेरिकन चष्म्यातून वाचलात, खांब घातलात, मच्छरदाणी झाली, आणि मग तडजोड म्हणून मधल्या गाडीत चढलात.

माझ्या आजीकडची जुनी विणकामाची मासिकं सगळी ब्रिटिश शब्दांची, यूट्यूबवरच्या बायका बहुतेक अमेरिकन. मी त्यामुळे एकदा स्वेटरऐवजी जाळीदार बनियन विणलं आहे. तेव्हापासून नमुना हातात आला की आधी 'सिंगल' शोधतो.

सैलगाठ

डोक्याला हात. म्हणजे मी स्वतःच्या हुशारीने ९५ ओळी चुकीच्या विणल्या.

गुंडाळी

अर्धा खांब ठेवायचाच असेल तर प्रत्येक कडेला दर पाच ओळींत पाचऐवजी सात टाके वाढवून कोपरा सरळ होईल. पण एक खांब-एक साखळी ही लय मोडते आणि कडेला अडाणी गाठी दिसतात. मी तरी नाही करणार. उसव.

थंडीवाली

मिनेसोटाहून. इकडे बाळासाठी जो तो ब्लँकेट विणतो, त्यामुळे ओळखीत कोपरा-ते-कोपरा म्हटलं की लोकांना ठोकळ्यांचाच प्रकार आठवतो: सहा साखळ्या, मागे वळून तीन खांब, झाला ठोकळा; पुढचा ठोकळा आधीच्या ठोकळ्याच्या तीन साखळ्यांच्या भोकात सरकत्या टाक्याने अडकवायचा, तीन साखळ्या, त्याच भोकात तीन खांब. त्यात खांब असूनही माझी कधी शंकरपाळी झाली नाही. ते कसं काय, ताई?

गुंडाळी

छान प्रश्न. ठोकळ्यांचं विणकाम नीट बघ. एका ओळीतले ठोकळे उभे असतात, पुढच्या ओळीतले आडवे, कारण प्रत्येक ओळीला काम वळतं आणि ठोकळा आधीच्याच्या कुशीवर टेकतो. चटईसारखं दिसतं ते त्यामुळेच. कुठल्याही कडेने चालत गेलं तरी एक उभा, एक आडवा, एक उभा. ठोकळा अगदी चौरस नसला तरी फरक आपसात फिटतो. साबुदाण्यात सगळे टाके एकाच दिशेला तोंड करून उभे, तिथे फिटाफिटी होत नाही.

रुखवत

सैलगाठ, ही घे माझी रीत. आईने तोंडी शिकवलेली, म्हणून तशीच लिहिते.

मुका खांब म्हणजे सुई घातली, धागा ओढला, सुईवर दोन फास, एकदाच धागा घेऊन दोन्हींतून काढला.

दोन साखळ्या. सुईपासून दुसऱ्या साखळीत एक मुका खांब, एक साखळी, त्याच जागी आणखी एक मुका खांब. ही पहिली ओळ. वळव.

वाढवायची ओळ: एक साखळी चढायला. अगदी पहिल्या खांबाच्या डोक्यावर मुका खांब, एक साखळी, मग येईल त्या प्रत्येक भोकात मुका खांब आणि मधे एकेक साखळी, शेवटी अगदी कडेच्या खांबाच्या डोक्यावर मुका खांब. बस. मुद्दाम काही वाढवायचं नाही, दोन्ही कडेचे खांब घेतले की आपोआप एक खांब वाढतो. पहिल्या ओळीत दोन खांब, दुसरीत तीन, तिसरीत चार.

घटवायची ओळ: एक साखळी, कडेचा खांब सोडायचा, थेट पहिल्या भोकात. शेवटच्या भोकात संपवायचं, पलीकडचा कडेचा खांब सोडून द्यायचा. शेवटी एकच खांब उरतो, तो तुझा समोरचा कोपरा.

म्हणजे मोजायचं काहीच नाही. कड घेतली तर वाढ, कड सोडली तर घट.

उसवाउसवी

रुखवत, तुझ्या आईच्या पाया पडते. मी हे वाचून आत्ता चहा होईस्तो आठ ओळी विणल्या. आणि लांबट शाल करायची असेल तर?

रुखवत

हवी तेवढी रुंद झाली की एका बाजूची कड घेत राहा, दुसऱ्या बाजूची सोडत राहा. खांब तेवढेच राहतात आणि विणकाम तिरकं पुढे सरकतं. लांबी झाली की दोन्ही कडा सोड. घेण्याच्या बाजूला सेफ्टी पिन लाव, नाहीतर टीव्ही बघता बघता बाजू बदलेल आणि शालीला कोपरा फुटेल.

सैलगाठ

उसवलं सगळं. लोकर शेवयांसारखी कुरळी झाली होती, सैल लड्या करून कोमट पाण्यात बुचकळल्या आणि दांडीवर टाकल्या. आज सकाळी बऱ्यापैकी सरळ.

रुखवतच्या रीतीने २० ओळींचा नमुना विणला. लांब ओळ २०.५ सेंमी. उंची ९.५. ताई, आता उलटं झालं का? दहाच्या वर पाहिजे होती.

गुंडाळी

हो, आता कोपरा किंचित फताडा आहे, ९४ अंशांच्या आसपास. भोकात घातलेला मुका खांब खाली बसतो, त्यामुळे ओळ थोडी बुटकी होते. घाबरू नकोस, हे हाताने सुटतं. भोकातून धागा ओढून आणतेस ना, तो पहिला फास सुईवर जरा उंच ओढ, मगच बंद कर. खांबाची उंची त्या एका फासात ठरते. सुई बदलू नकोस, मोठी सुई रुंदी आणि उंची दोन्ही वाढवते.

सैलगाठ

फास उंच ओढून पुन्हा २०. लांब ओळ तेवढीच, उंची १०.२! सुरुवातीच्या टोकावर लग्नपत्रिकेचा कोपरा ठेवून पाहिला, तंतोतंत. आता खरं दुपटं घालतेय. ७५ सेंमीची बाजू धरलीय. ८ गुंड्या आहेत ५० ग्रॅमच्या, आणि लोकरवाल्याकडे त्या रंगाचा लॉट संपला. पुरेल?

पाचवा_खांब

कोपऱ्यातून विणण्यातली ही सगळ्यात मोठी सोय आहे. बाजू वगैरे ठरवूच नका, वजन ठरवू द्या. स्वयंपाकघरातला काटा काढा. ४०० ग्रॅममधले ४० ग्रॅम किनारीसाठी आधीच बाजूला काढून डब्यात बंद करा (मी हे केलं नव्हतं, माझ्या ब्लँकेटची चौथी बाजू वेगळ्या रंगाची आहे, लोकांना ती कल्पना वाटते). उरले ३६०. वाढवताना १८० संपले की त्या ओळीपासून घटवायला लागायचं. अर्धा चौकोन झालेला असतो, उरलेल्या अर्ध्याला तेवढीच लागते.

फक्त एक सांगतो. सुरुवातीला लोकर संपतच नाहीये असं वाटेल, त्याला भुलू नका.

सैलगाठ

तेच लिहायला आले! ५२ ओळी झाल्या आणि फक्त ४५ ग्रॅम गेली. मी खुशीत होते की दोन दुपटी होतील.

गुंडाळी

ओळी दुप्पट झाल्या की क्षेत्रफळ चौपट होतं. आत्ता ५२ ओळींना ४५ लागले ना, १०४-१०५ ओळींना १८० लागतील. पाचवा_खांबच्या हिशेबात बरोबर बसतेस. आणि १०५ ओळी म्हणजे लांब ओळ २११ टाक्यांची, साधारण १०६ सेंमी. तो तुझा कर्ण. ७५ चा चौकोन.

चकलीचा_सोऱ्या

शेवटच्या ओळींपेक्षा मधल्या ओळी किती कंटाळवाण्या असतील हो. २११ टाके!

सैलगाठ

एक ओळ म्हणजे एक मालिका, जाहिरातींसकट. पण १०५ नंतर दर ओळ आखूड होत जाते, मग उताराला लागल्यासारखं हात पळतो. सरळ विणण्यात हे सुख नाही.

उसवाउसवी

मधेच एक विचारते. साबुदाणा सपाटच आहे, मला वर उठलेली बोंडं हवीत. तिरक्या विणकामात जमतात का?

थंडीवाली

जमतात. एकाच भोकात पाच अर्धवट खांब घ्यायचे, प्रत्येकाचा शेवटचा फास सुईवर ठेवून, आणि सगळे एकदम बंद करायचे. मुक्या खांबाच्या जागी हे बोंड. पण बोंड फुगतं ते आपल्या समोर नाही, पलीकडच्या अंगाला. म्हणून बोंडं एकाआड एक ओळीतच, तीही उलट बाजूने विणताना. सगळ्या ओळींत घातलीस तर दोन्ही अंगांना फोड येतील.

आता गंमत. बोंडं ओळीच्या बरोबर मध्यावर घालत गेलीस तर ती कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे तिरकी धावतात. सरळ उभी रांग हवी तर कडेपासून मोज: दर वेळी ओळ सुरू झाली की सहाव्या भोकात, कायम सहाव्या. एकाआड एक ओळ असल्याने तू दर वेळी त्याच कडेने सुरू करतेस, मग रांग त्या कडेला समांतर चालते.

लोकर मात्र सपाटून खातात. आणि तान्ह्या बाळाच्या पाठीखाली नकोत, शिवाय बोटं अडकतात. उशीला कर.

सैलगाठ

अपडेट: विणून झालं! दोन्ही कर्ण मोजले, १०६ आणि १०५. रडूच आलं.

आणि किनार लावायला घेतली तर नवीन संकट. प्रत्येक ओळीच्या टोकाला एक मुका खांब घालत दोन बाजू पूर्ण केल्या, तर दुपट्याचा द्रोण झालाय. मधे आमटी वाढता येईल. कोपऱ्यात तीन खांब घातलेत, ते बरोबर आहे ना?

रुखवत

कोपरे बरोबर. किनार घट्ट झालीये. मी अंदाजाने कुठे एक, कुठे दोन घालते, हाताला कळतं.

सैलगाठ

माझ्या हाताला काहीच कळत नाही हे आता सिद्ध झालंय. आकडा द्या.

गुंडाळी

सात आणि पाच. पाच ओळींच्या टोकांवर मिळून सात खांब.

सरळ विणकामात कड ओळीच्या उंचीइतकी असते. तुझी कड तिरकी आहे: दर ओळीला ती एक टाका बाजूला आणि एक टाका वर जाते, म्हणजे छोट्या चौकोनाच्या कर्णाने चालते. कर्ण बाजूच्या १.४१ पट. तुझ्या एका बाजूला १०५ ओळींची टोकं आहेत आणि लांबी ७५ सेंमी. अर्ध्या सेंमीचा टाका म्हणजे ७५ सेंमीला १५० खांब हवेत. तू १०५ घातलेस. पंचेचाळीस खांबांची तूट, द्रोण होणारच. प्रत्येक टोकाला दोन घातले असतेस तर २१० झाले असते आणि झालर आली असती. पाचाला सात धरून १४७ होतात, उरलेले तीन कुठेही जिरव.

एक, दोन, एक, दोन, एक. असं म्हणत जा.

पाचवा_खांब

दर दहा ओळींच्या टोकांना सेफ्टी पिन लावून घ्या आणि दोन पिनांमध्ये चौदा खांब बसवा. मोजत बसण्यापेक्षा सोपं. चारही बाजूंना आधी पिना, मग सुई.

थंडीवाली

आणि इस्त्री लावू नकोस हं त्यावर. अ‍ॅक्रिलिकला गरम इस्त्री टेकली की पोत मरतं, साबुदाण्याची लापशी होते, परत येत नाही. धू, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टीप आणि सपाट पसरून वाळव. दांडीवर एका कोपऱ्याने टांगू नकोस, तिरकं विणलेलं ओल्या वजनाने ताणतं. शिंपी उरेब पट्टी का ताणते सांगतात ना, तसंच.

सैलगाठ

किनार उसवून पुन्हा लावतेय, एक-दोन-एक-दोन-एक. पहिली बाजू सपाट आली, पाटासारखी.

तेवढ्यात घरून फोन. बाळ तीन आठवडे आधीच आलं. मुलगी. दोघी ठीक आहेत. बारशाला बारा दिवस आहेत आणि माझ्या तीन बाजू बाकी आहेत.

चकलीचा_सोऱ्या

अभिनंदन मावशी! तीन बाजू, ४५० खांब, १२ दिवस. दिवसाला ३८ पण होत नाहीत. आता ताईंना विचारू नका, एवढं मला येतं.

रुखवत

अभिनंदन गं! आणि टोपऱ्याला आईची लोकर कमी पडली तर किनारीतून काय उरेल ते सांग, चाळीस ग्रॅममधले बारा-तेरा तरी उरतील तुझे.